पार्किन्सन्सवाल्यांचा नाच : ब्रुकलिन, पुणे आणि आपलं हैदराबाद

मंडळी, या ग्रुपवर मी आजवर बँकेतल्या गमती लिहिल्या, सुलतान बाजारच्या दुकानांबद्दल लिहिलं, काचीगुड्याच्या मीटरगेज गाड्यांवरही लिहून झालं. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या घरात तो आलेला असणारच. म्हणून थोडं लांबलं तरी वाचा.

पार्किन्सन्स हा शब्द मला माहीत नव्हता, तेव्हापासून मी हा आजार बघत होतो, आणि तो काउंटरच्या आतल्या बाजूने. 1980 च्या आसपास मी एका शाखेत पासिंग ऑफिसर होतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. चेक आला की लेजर उघडायचं, नमुना सहीचं कार्ड काढायचं आणि दोन्ही सह्या शेजारी धरून बघायच्या. आमचे एक खातेदार निवृत्त शिक्षक होते, मराठी शाळेतले. त्यांची सही दर तिमाहीला बारीक होत चालली होती. पहिलं अक्षर बरं यायचं, दुसरं त्याहून लहान, आणि आडनावापर्यंत पोचता पोचता मुंग्यांची रांग. आम्ही नवीन नमुना सही घेतली. सहा महिन्यांनी तीही जुळेना. शेवटी नियमाप्रमाणे अंगठा, आणि त्याला दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. तो साक्षीदार मीच. गुरुजी अंगठा शाईत बुडवताना एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना अक्षर वळणदार काढायला शिकवलं हो मी."

अक्षर असं आकसत जाण्याला मायक्रोग्राफिया म्हणतात, आणि ते या आजाराचं एक ठळक लक्षण आहे, हे मला फार पुढे कळलं. 2016 साली आमच्या हिला डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहायला आणि एक गोल गोल चकली काढायला सांगितली. ओळ शेवटाकडे बारीक होत गेली. मी खुर्चीवरून वाकून बघत होतो. डॉक्टर बोलायच्या आधीच मला गुरुजी आठवले.

आता थोडा इतिहास. 1817 साली लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने थरथरणाऱ्या लकव्यावर एक छोटा निबंध छापला. त्यात रोगी किती, तर सहा. त्यातले तीन तर त्याने रस्त्यावर येता-जाता बघितलेले. एवढ्या भांडवलावर माणसाने जे लिहून ठेवलं ते दोनशे वर्षं टिकलं. हात विसावलेला असताना होणारा कंप, पुढे झुकलेलं शरीर, चालता चालता नकळत धावल्यासारखी होणारी पावलं, हे सगळं त्यात आहे. पुढे पॅरिसच्या शार्को या नामवंत डॉक्टरने या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं, आणि हेही दाखवलं की प्रत्येकाचा हात थरथरतोच असं नाही. ही गोष्ट आजही अनेकांना ठाऊक नसते. "अहो, वहिनींचा हात तर हलत नाही, मग कसला पार्किन्सन्स?" असं मला चार शहाण्या माणसांनी विचारलं आहे.

याच शार्कोची एक गंमत सांगतो. त्याच्या रोग्यांनी त्याला सांगितलं की घोडागाडीतून किंवा आगगाडीतून लांबचा प्रवास करून आलो की बरं वाटतं. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. 1892 मध्ये त्याने हादरे देणारी एक खुर्चीच वापरून दाखवली, आगगाडीच्या डब्यासारखी धडधडणारी. पुढे एकशेवीस वर्षांनी, 2012 मध्ये, शिकागोच्या डॉक्टरांनी तशी खुर्ची करून रीतसर तपासणी केली. निष्कर्ष असा, की हादरे दिलेल्यांनाही बरं वाटलं आणि हादरे न देता नुसतं त्या खुर्चीत बसवलेल्यांनाही तितकंच बरं वाटलं. हा दाखला मुद्दाम देतोय, कारण नाचाबद्दल बोलताना तो डोक्यात ठेवावा लागेल.

खरी औषधं आली ती विसाव्या शतकात. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्या हळूहळू मरत जातात. लक्षणं अंगावर दिसू लागेपर्यंत बराच मोठा हिस्सा गेलेला असतो. स्वीडनच्या कार्लसनने 1950 च्या दशकाच्या शेवटी डोपामिनचं महत्त्व दाखवलं, व्हिएन्नात 1961 मध्ये लेव्होडोपाचं इंजेक्शन रोग्यांना दिलं गेलं, आणि 1967 मध्ये अमेरिकेत कोट्झियासने ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन दाखवलं. आजही हिच्या डब्यातली मुख्य गोळी तीच. यात आपल्याकडची एक नोंद अशी की खाजकुइलीच्या बियांतून हेच लेव्होडोपा मद्रासमध्ये 1937 साली वेगळं काढलेलं होतं. आयुर्वेदात कंपवातावर ती वनस्पती वापरतातच. (म्हणून कुणी उठून पावडर आणून खाऊ नका. गोळ्या चालू असताना मात्रा दुप्पट होऊन बसते.)

गोळ्या चांगल्या आहेत, माझी तक्रार नाही. आपल्या शहरात उपचारांची वानवाही नाही. निम्समध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची शस्त्रक्रिया बरीच वर्षं होते आहे. पण चालता चालता पाय जमिनीला चिकटणं, तोल जाणं, या दोन गोष्टींपुढे गोळीही कधी कधी हात टेकते. आमच्याकडे तेच झालं. चौथ्या वर्षी ही स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी यायची आणि थांबायची. पाय उचलायचाय, मनात आहे, पण उचलत नाही. मागून मी, हातात रिकामा कप. "चल ना," म्हटलं की आणखी घट्ट व्हायची. ओढलं तर पडायची भीती. दोनदा पडलीही. मग तिने स्वतःच बाहेर जाणं बंद केलं. आधी लग्नं, मग हळदीकुंकू, मग देऊळ. "लोक बघतात," म्हणायची. मला आजारापेक्षा त्या दोन शब्दांची जास्त धास्ती वाटायला लागली होती.

फिजिओथेरपीच्या मुलीने उंबरठ्याच्या अलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारून दिल्या. एक वीत, दोन वीत अंतराने. आणि काय सांगू, ही त्या रेघांवरून चक्क पाय टाकत गेली! जादूटोणा नव्हे. लंडनचे डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी 1960 च्या दशकातच हे टिपून ठेवलं होतं, की जमिनीवरच्या आडव्या रेघा दिसल्या की गोठलेले पाय सुटतात.

असं का होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपलं चालणं म्हणजे बँकेतलं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. एकदा फॉर्म भरला की दर महिन्याला हप्ता आपोआप वळता होतो, कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. मेंदूच्या आतल्या बेसल गँग्लिया नावाच्या खात्याकडे ते काम असतं. डोपामिन कमी झालं की स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बंद पडतं. पैसे खात्यात आहेत, पायात ताकद आहे, पण हप्ता आपोआप जात नाही. मग प्रत्येक पावलाचं व्हाउचर हाताने बनवायचं. रेघ दिसली की मेंदूला दुसरी खिडकी सापडते, बाहेरून कुणीतरी "आता टाक पाऊल" म्हणतं. जे काम डोळ्यांना रेघ करते, तेच काम कानांना ताल करतो.

तालाचं हे काम संशोधकांनी मोजण्याआधी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी नुसतं बघितलं होतं. ऑलिव्हर सॅक्स यांचं 1973 चं 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक, ज्यावर 1990 मध्ये सिनेमा निघाला, ते काहींना आठवत असेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात आलेल्या निद्रारोगाच्या साथीतून वाचलेले, पण नंतर पुतळ्यासारखे झालेले न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातले रोगी. त्यांना 1969 मध्ये लेव्होडोपा दिलं आणि ते जागे झाले. सॅक्स यांनी हेही लिहून ठेवलं की औषधाशिवायही संगीत सुरू झालं की त्यातले काही हलायचे, आणि संगीत थांबलं की थांबायचे. पुढे 1996 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या लोकांना तीन आठवडे ठरावीक तालावर चालायला लावून त्यांच्या पावलांची लांबी आणि वेग मोजला. दोन्ही वाढले.

पण ताल म्हणजे अजून नाच नव्हे. नाच यात आला तो 2001 मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, आणि आणला कुणी? कुठल्या हॉस्पिटलने नाही. ऑली वेस्टहायमर नावाच्या बाई तिथला पार्किन्सन्सवाल्यांचा गट चालवायच्या. मार्क मॉरिस या नामांकित नृत्यदिग्दर्शकाची कंपनी त्याच सुमारास ब्रुकलिनमध्ये नव्या इमारतीत राहायला आली होती. या बाई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, आमच्या लोकांसाठी नाचाचा वर्ग घ्या. उपचार नको, वर्ग हवा. त्यांचं म्हणणं साधं होतं. नर्तक जन्मभर काय करतो? शरीर मनासारखं हलत नाही, त्याला विचार करून, कल्पना करून, तालात पकडून हलवायला शिकतो. पार्किन्सन्सच्या माणसालाही नेमकं तेच शिकायचं आहे. डेव्हिड लेव्हेन्थाल आणि जॉन हेगिनबॉथम हे कंपनीतले दोघे नर्तक शिकवायला उभे राहिले. सुरुवात खुर्चीत बसून, मग आधाराला धरून उभं राहून, मग खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे. शेवटी सगळे गोलात हात धरून एकमेकांना नमस्कार करतात आणि वर्ग संपतो. आज 'डान्स फॉर पीडी' या नावाने ती पद्धत कितीतरी देशांत गेली आहे. लंडनमध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेनेही 2010 मध्ये असे वर्ग सुरू केले.

उपचार नको, वर्ग हवा, हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. हॉस्पिटलात आपण पेशंट असतो. वर्गात विद्यार्थी असतो. फिजिओथेरपीच्या टेबलावर ही रोज मोजायची, "झाले का वीस?" नाचताना कुणी मोजत नाही. मोजतो तो ताल.

आता आपल्या माणसांकडे येऊ. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा स्वमदत गट बरीच वर्षं काम करतो आहे. माझी मेव्हणी पुण्यात असते. हिचं निदान झाल्यावर तिनेच पहिल्यांदा मला मंडळाबद्दल सांगितलं. मला सगळ्यात आवडली ती त्यांची भाषा. तिथे रोग्याला रोगी म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. आणि सांभाळणाऱ्याला केअरटेकर वगैरे न म्हणता शुभंकर. मला कोणी तरी पहिल्यांदा शुभंकर म्हटलं तेव्हा जरा हसू आलं, पण खरं सांगायचं तर बँकेने दिलेल्या सगळ्या हुद्द्यांपेक्षा हा बरा वाटला.

तर 2010 च्या सुमारास हृषीकेश पवार या पुण्याच्या तरुण नर्तकाने या मंडळाच्या शुभार्थींसाठी नृत्याचा वर्ग सुरू केला. पवार कथक शिकलेले, शिवाय जर्मनीत ड्रेस्डेनला समकालीन नृत्याचं शिक्षण घेतलेले. त्यांची पुण्यात स्वतःची नृत्यसंस्था. साठी-सत्तरीतली माणसं, कुणाचा हात थरथरतोय, कुणाचा चेहरा गोठलेला, आणि समोर तिशीही न गाठलेला शिक्षक. यातली बहुतेक मंडळी आयुष्यात कधी नाचलेली नव्हती. नोकरी, घर, गणपतीची आरती, बास. आपल्या मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला नाच म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरं करतात ते. स्वतः नाचायचं तर आधी लाजेचा उंबरठा ओलांडायचा. तो त्या लोकांनी ओलांडला. एवढंच नाही, तर पुढे मंडळाच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या मेळाव्यात ते रंगमंचावर जाऊन नाचले. हा दिवस 11 एप्रिलला असतो, जेम्स पार्किन्सनचा तो जन्मदिवस. घरी "लोक बघतात" म्हणून दार लावून बसणाऱ्या माणसाने तिकडे चारशे डोळ्यांसमोर उभं राहायचं, याची किंमत शुभंकरालाच कळेल.

कथकाचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात येतं. मला नृत्यातलं फार कळत नाही, पण आपल्याकडे पायांनी करायचं ते आधी तोंडाने म्हणायची पद्धत आहे. पढंत म्हणतात तिला. ता थेई थेई तत् म्हणत पाऊल टाकायचं. म्हणजे ताल बाहेरून येण्याची वाट बघायची नाही, तो आपल्याच तोंडून काढायचा. पार्किन्सन्समध्ये आवाजही बारीक होतो. हिचा फोनवरचा आवाज तर मुलाला ऐकूच येत नाही. मोठ्याने बोल म्हटले की पाय आणि गळा दोघांनाही काम लागतं. ब्रुकलिनच्या वर्गात पियानो असतो, तो चांगलाच. पण उंबरठ्याशी अडकलेल्या माणसाला घरात पियानो कुठून आणणार? तोंडातला बोल मात्र चोवीस तास सोबत असतो.

मेव्हणीकडून हे ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न हा, की हैदराबादला हे कोण शिकवणार? हिला पुण्याला नेऊन ठेवणं शक्य नव्हतं. मोठ्या संस्थांचे ऑनलाइन वर्ग आहेत, करोनाच्या काळात ते खूप वाढले. आम्ही मुलाच्या लॅपटॉपवर ते करून पाहिले. खुर्चीतला भाग छान जमायचा. पण शिकवणाऱ्यांचं इंग्रजी, त्यांची गाणी, यांत ही रमेना. म्हणायची, "त्या बाई म्हणतात बर्फात चालताय असं समजा. बर्फ पाहिलाय कुणी?"

उत्तर शेजारून आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी बिऱ्हाडं तेलुगू. 2022 च्या नवरात्रात खालच्या मोकळ्या जागेत बायकांनी बतुकम्मा मांडली होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंगेडु, गुनुगु, झेंडू अशी रानातली आणि बागेतली फुलं ताटात गोलाकार थरांनी रचून मंदिराच्या शिखरासारखा आकार करायचा, तो मधे ठेवायचा आणि भोवती बायकांनी फेर धरायचा. एक पाऊल पुढे, किंचित वाकायचं, टाळी. पुन्हा पाऊल, वाकणं, टाळी. गाणं एकीने सांगायचं, बाकीच्यांनी ओढायचं. बतुकु म्हणजे जगणं; बतुकम्मा म्हणजे साधारणपणे "जग गं आई". तेलंगण राज्य झाल्यापासून, 2014 पासून, हा राज्याचा सण आहे.

आणि आपला भोंडला तरी काय आहे? मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, नवरात्राचेच दिवस. आमची ही लहानपणी बडी चावडीला राहायची. तिथल्या वाड्यांत मराठी मुलींचा भोंडला आणि तेलुगू मुलींची बतुकम्मा एकाच अंगणात, एकीनंतर एक व्हायची. आधी इकडची खिरापत खायची आणि मग तिकडचा प्रसाद. निझामाच्या राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतून लोक इथे आले, इथेच राहिले, आणि 1956 ला सरहद्द दुसरीकडे गेली तरी मुलींचे फेर तिथेच राहिले.

ही खुर्चीत बसून बघत होती. शेजारच्या अम्मांनी, वय माझ्याएवढंच, तिला हात धरून उठवलं. मी पुढे झालो, पडेल म्हणून. अम्मांनी मला डोळ्यांनीच दटावलं. आणि ही फेरात गेली. पाऊल, वाकणं, टाळी. पहिल्या दोन फेऱ्यांत जरा अडखळली. तिसऱ्या फेरीला पाय गाण्याच्या मागे न राहता बरोबर पडायला लागले. पंधरा मिनिटं ती एकदाही गोठली नाही. गाणं संपलं, फेर मोडला, आणि लिफ्टच्या दाराशी येऊन ही पुन्हा थांबली. कुणी बरी झाली वगैरे समजू नये. लिफ्टच्या दाराशी अम्मांनी नुसती टाळी दिली, पाऊल, टाळी, तशी ही आत गेली.

त्या आठवड्यात आम्ही ठरवलं. बिल्डिंगचा छोटा हॉल सकाळी रिकामाच असतो. आधी आम्ही दोन जोडपी होतो. मग सिकंदराबादहून एक निवृत्त रेल्वेवाले यायला लागले, एक उर्दूचे प्राध्यापक, अम्मांची बहीण. आज अकरा जण आहोत, त्यात शुभार्थी सहा. कथक शिकवणारी एक मुलगी महिन्यातून दोनदा येते, बाकीचे दिवस आमचं आम्हीच. खुर्चीत बसून हातांचे प्रकार, मग खुर्चीच्या पाठीला धरून टाच-चवडा, मग फेर. भोंडला, बतुकम्मा, झिम्मा (फुगडी नाही, फुगडीत तोल जातो), आणि शेवटी प्राध्यापकसाहेबांच्या आग्रहास्तव तीनमार.

तीनमार काय ते हैदराबादकराला सांगायला नको. लग्नाची वरात असो, बोनालू असो की गणपती, तो ढोलांचा ठेका लागला की रस्त्यावरचा रिक्षावालाही खांदे हलवतो. हा ठेका मर्फा या वाद्यमेळातून आला, आणि मर्फा आणला तो निझामाच्या फौजेतल्या चाऊश अरबांनी आणि सिद्दींनी. ए. सी. गार्ड्स मोहल्ल्याचं नाव आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्सवरून पडलं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हजारो मैलांवरून आलेला ठेका सत्तरीतल्या रेल्वेवाल्यांच्या अडकलेल्या पायांना मोकळं करतो. त्यांचा पत्ता ठरलेला आहे: दारात अडकले की तोंडाने "धिन्नक धिन्नक" म्हणायचं आणि सुटायचं.

पहिल्या दिवशी आमचा वॉचमन दारातून डोकावून म्हणाला, "क्या साब, इस उमर में नाच रैं?" मी म्हटलं, "हौ. तू भी आ." आता तो स्पीकर लावून देतो.

आता ऑडिट. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, तेव्हा आपलाही तपासून घ्यायला हवा. नाचाने पार्किन्सन्स बरा होत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. अमेरिकेत हॅकनी आणि अर्हार्ट या दोघींनी 2007 पासून टँगो नाचावर अभ्यास केले, त्यात तोल सुधारलेला दिसला. टँगोत मागे चालणं, थांबणं, पुन्हा सुरू करणं भरपूर असतं, आणि पार्किन्सन्सवाल्याला तेच जड जातं. टोरँटोच्या यॉर्क विद्यापीठाचा 2021 चा अभ्यास तर खूप गाजला. तीन वर्षं आठवड्यातून एकदा नाचणाऱ्यांची लक्षणं न नाचणाऱ्यांच्या तुलनेत फारशी वाढली नाहीत, असं त्यात आहे. पण नाचणारे होते किती? 16. शिवाय जो माणूस तीन वर्षं नेमाने नाचायला येतो तो मुळातच जरा बऱ्या प्रकृतीचा आणि उत्साही असणार, हा आक्षेप उरतोच. त्यामानाने 2023 ची कोक्रेन समीक्षा जास्त भरवशाची वाटते. 156 चाचण्या, जवळजवळ 8000 माणसं, सगळ्या प्रकारचे व्यायाम एकत्र तोललेले. व्यायामाने हालचालींत फरक पडतो, आणि नाच त्यात वरच्या फळीत आहे, पण नाचाखेरीज बाकीचे व्यायामही कामाचे आहेत, असा तिचा सूर.

म्हणजे शार्कोच्या खुर्चीसारखं इथेही थोडं "बरं वाटतं म्हणून बरं वाटतं" असेलच. असू दे. त्या खुर्चीत माणूस एकटा बसायचा. इथे अकरा जण असतात, आणि ही गेल्या दिवाळीत दोन लग्नांना गेली. एका लग्नात जेवणाच्या हॉलच्या दाराशी अडकली. मी मागून हळूच टाळी दिली. आजूबाजूच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सनई आवडली.

ज्यांना घरी सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारा, रक्तदाब उभं राहिल्यावर उतरत असेल तर विशेष. गोळी लागू पडल्याच्या वेळेतच नाचा. आमच्या हिला गोळी घेतल्यानंतर तास-पाऊण तासाने बरं पडतं, प्रत्येकाची वेळ वेगळी असते. फरशी कोरडी हवी, सतरंजी-पायपुसणी गोळा करून ठेवा, खुर्ची बिनचाकांची आणि हाताची घ्या. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, नुसते मोजे नकोत. एकेका शुभार्थीमागे एक धडधाकट माणूस उभा असू द्या, पण त्याने ओढायचं नाही. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, मोठा अर्धगोल घेऊन वळायचं. आणि गाणी त्यांच्या लहानपणीची लावा.

आमचा वर्ग बरकतपुऱ्यात मंगळवार-शुक्रवारी सकाळी साडेदहाला असतो, फी नाही. यायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता कळवतो. ऐलमा-पैलमाच्या पुढची भोंडल्याची गाणी आमच्यातल्या कुणालाच धड आठवत नाहीत. कुणाच्या आईच्या वहीत असतील तर फोटो काढून पाठवा, अक्षर मोठं असेल तर उत्तम.